सर, इन्व्हर्टरले अर्थिंग लागत नाई

हे वाक्य मला माझ्याच विद्यार्थ्याने ऐकवलं. माझ्याच ओसरीत उभं राहून, माझ्याच बोर्डातून काढलेली आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच, हातात धरून. मे महिना होता. रेणुकामातेच्या गडावरून येणारा वारासुद्धा भट्टीतून निघाल्यासारखा लागत होता आणि त्या आठवड्यात आमची आरसीसीबी तिसऱ्यांदा पडली होती. त्याने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दोन मिनिटांत ती काढून फेज-न्यूट्रल सरळ जोडून टाकले.

"आता नाई पडत. तुमाले सांगू का सर, हे डबडं इन्व्हर्टरच्या घरात चालतच नाई. एमसीबी हाय ना! अन् अर्थिंगचं म्हणान तं आपल्या पातूरच्या मुरमात ते धरत नाई, अन् इन्व्हर्टरले लागतही नाई. बॅटरीचा करंट तो. झिणझिण्या येतात, माणूस मरत नाई."

पोरगा कामाचा आहे. हाताला सफाई आहे, बोलावलं की येतो, पैशाला फार ओढून धरत नाही. नववी-दहावीला विज्ञान मीच शिकवलं त्याला, त्यामुळे दोष द्यायचाच तर निम्मा माझ्याकडे येतो. पण हे त्याचं एकट्याचं मत नाही. इन्व्हर्टर विकणारा हेच सांगतो, घर बांधणारा मिस्त्री हेच सांगतो आणि घरमालकाला तर ऐकायलाच बरं वाटतं, कारण त्यात दोन हजार रुपये वाचतात. म्हणून त्याला ओसरीत दिलेलं उत्तर जरा सविस्तर इथे मांडतो.

आधी तो 'बॅटरीचा करंट'. बॅटरी १२ व्होल्टची असते हे खरं. तिच्या दोन टोकांना दोन हात लावले तर काही होत नाही, हेही खरं. पण बॅटरीचं बॅटरीपण मशीनच्या मागच्या दोन जाड तारांपाशी संपतं. मशीनच्या पुढून जे निघतं ते २३० व्होल्ट. ते तयार करण्यासाठीच तर आपण ती पेटी घेतली. ९०० व्हीएचं साधं घरगुती मशीन पूर्ण लोडवर साधारण ४ अँपिअर देतं. हे ४ अँपिअर आपल्याला थोडे वाटतात, कारण आपण ते गिझरशी तोलतो. माणसाच्या छातीशी तोलून पाहा. अमेरिकेतल्या बर्कली इथे चार्ल्स डॅलझिएल नावाच्या प्राध्यापकाने माणसांच्या हातात तार देऊन मोजलं होतं की किती करंटपर्यंत माणूस स्वतःहून मूठ सोडवू शकतो. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिली अँपिअर, बायकांची साडेदहा. त्यापुढे मूठ उघडत नाही. ४ अँपिअर म्हणजे ४००० मिली अँपिअर. मशीन लहान आहे म्हणून आपल्याला मिळालेली सूट ती एवढीच.

इथे पोरगा अडून बसला. "पण सर, मी सोता हात लावून पाह्यला हाय. लाईट गेलेली असताना इन्व्हर्टरचा फेज टेस्टरवर धड पेटतही नाई."

त्याचं हे म्हणणं मी खोडत नाही. काही घरांत तसं होतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. करंटला नुसतं निघून चालत नाही, जिथून निघाला तिथे परत यायची वाट लागते. मेन स्विच दोन्ही तारा तोडणारा असेल आणि तो खाली पाडलेला असेल, तर इन्व्हर्टरचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही जमिनीपासून सुटे पडतात. मग एका तारेला हात लागला तरी जमिनीतून परतीची वाट नसते. काही दवाखान्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मुद्दाम अशीच सुटी वीज देतात, पण तिथे तारेचं आवरण कुठे खराब झालं की सांगणारं यंत्र चोवीस तास राखणीला बसवलेलं असतं. आपल्याकडे राखणीला कोण? एखाद्या पंख्याची तार कुठे पत्र्याला टेकली तर काहीच घडत नाही, काहीच कळत नाही, आणि दुसरी तार दुसरीकडे टेकेपर्यंत सगळे म्हणतात, इन्व्हर्टरचा करंट लागत नाही.

शिवाय बहुतेक घरांत तसा सुटेपणा नसतोच. लाईट जाते तेव्हा मेन कोणी पाडत नाही. आपल्या साध्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल आत आला तसाच बाहेर जातो. म्हणजे लाईट नसतानाही घराचा न्यूट्रल खांबावरून थेट डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जोडलेला असतो, आणि डीपीपाशी तो जमिनीत गाडलेला असतो. आता वाट पाहा: इन्व्हर्टरचा फेज, कूलरचा पत्रा, ओल्या फरशीवर उभी असलेली बाई, जमीन, डीपीचं अर्थिंग, न्यूट्रल, पुन्हा इन्व्हर्टर. वर्तुळ पूर्ण. गावभर अंधार असला तरी ते पूर्णच राहतं.

कूलर मी उगाच घेतला नाही. अकोल्याचा पारा ४५च्या वर चढतो तेव्हा बत्तीस किलोमीटरवरच्या पातुरात काही महाबळेश्वर नसतं. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी वऱ्हाडात कुठून ना कुठून येते. कूलर चालू असताना पाणी भरू नका, थ्री-पिन वापरा, अर्थिंग तपासा, असं आवाहन महावितरण दरवर्षी करते. आता आमच्या भागातला कूलर जवळून पाहा. तीन बाजूंनी पत्रा, त्यावर ओलं गवत. खाली टाकीत पाण्यात बुडालेला पंप. त्या पंपाची तार पत्र्याच्या भोकातून बाहेर येते, आणि भोकाच्या कडेला रबर बसवायचं असतं ते पहिल्याच वर्षी गळून पडलेलं असतं. पत्र्याची धार वर्षभर तारेवर घासते. टोकाला टू-पिन, कारण थ्री-पिन जुन्या सॉकेटात बसत नव्हती म्हणून कोणीतरी कापून टाकलेली. हिरवी तार मागे गाठ मारून लोंबते आहे. ही सगळी मांडणी रात्री अडीच वाजता लाईट गेली की इन्व्हर्टरवर येते, आणि अंधारात बादली घेऊन जाणारं माणूस अनवाणी असतं.

"एमसीबी हाय ना." हे वाक्य तर मला पाठ झालं आहे. एमसीबी कशासाठी आहे ते एकदा नीट सांगून टाकतो: भिंतीतली तार जळू नये म्हणून. माणसाशी तिचा काही करार झालेला नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंत गप्प बसते, तेच तिचं काम. शॉर्ट सर्किट झालं की ती झटक्यात पडते, पण त्या झटक्यासाठी तिला तिच्या आकड्याच्या निदान तीन ते पाच पट, काही जातींत पाच ते दहा पट करंट लागतो. ४ अँपिअरचं इन्व्हर्टर तो आणणार कुठून? शॉर्ट झालं तर मशीन स्वतःच ओव्हरलोड दाखवून, पीं पीं करून बंद पडेल. एमसीबीला झोपेतून उठायचीसुद्धा गरज नाही.

बरं, लाईट आहे आणि अर्थिंगही आहे असं धरू. पोरगा सांगतो त्या मुरमात पाईप गाडला आणि त्याचा विरोध २० ओहम आला. डीपीचा ५ धरा. कूलरच्या पत्र्याला फेज टेकला तर २३० भागिले २५, म्हणजे ९ अँपिअरच्या थोडा वर. शाळेच्या पुस्तकातलाच ओहमचा नियम आहे हा, वेगळं काही नाही. ९ अँपिअरवर १६ची एमसीबी पडणार नाही. एक मोठी इस्त्री चालू आहे असं समजून ती रात्रभर वीज देत राहील. आणि त्या रात्रभर कूलरच्या पत्र्यावर १८० व्होल्ट उभे असतील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही आपापल्या जागी ठाकठीक, आणि पत्रा जिवंत. हे गणित मी त्याला बोर्डाच्या पांढऱ्या झाकणावर पेन्सिलीने करून दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "पण सर, अर्थिंग चांगलं हाय का नाई ते आमी बल्ब लावून पाह्यतो."

हा बल्बही एकदाचा उतरवूनच ठेवतो. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॉटचा बल्ब लावायचा, लख्ख पेटला तर अर्थिंग पास. आता १०० वॉटच्या बल्बचा पेटलेला असतानाचा विरोध ५२९ ओहम. अर्थिंग अगदी वाईट, ६० ओहमचं असलं तरी त्याच्या वाट्याला तेवीस-चोवीस व्होल्ट जातात, उरलेले दोनशेच्या वर बल्बला मिळतात. डोळ्याला तो लख्खच दिसणार. आणि त्या ६० ओहमच्या अर्थिंगमधून बिघाडाच्या वेळी ४ अँपिअरही जाणार नाहीत. बल्ब पेटला याचा अर्थ वाट आहे एवढाच. ती वाट पांदण आहे की हायवे, हे बल्ब सांगत नाही. काही घरांत तर बल्ब पेटावा म्हणून सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेचा एक तुकडा जोडून दिलेला मी पाहिला आहे. ज्या दिवशी खांबावरचा न्यूट्रल तुटेल त्या दिवशी त्या घरातल्या फ्रिजपासून मिक्सरपर्यंत ज्या ज्या धातूला थ्री-पिन लागली आहे त्यावर फेज येईल. अर्थिंग नसतं तर बरं, असं म्हणायची पाळी.

मुरमाबद्दल मात्र मी त्याच्याशी भांडणार नाही. पातूरची जमीन वाईटच आहे, अर्थिंगसाठी. गावाशेजारच्या लेण्या ज्या काळ्या खडकात कोरल्या आहेत तोच खडक आपल्या पायाखाली हात-दोन हातांवर लागतो. वर मुरूम, तोही मार्चपासून कोरडा ठणठणीत. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात उतरा, चित्र उलटं. तिथे पुरुष-दोन पुरुष खोल काळी माती आणि खारपाणपट्टा. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी प्यायलं, पण खारी ओली माती वीज फार चांगली वाहून नेते. पाण्याचं दुःख आणि अर्थिंगचं सुख, अशी ती वाटणी. आपल्या वाट्याला पाणी गोड आणि जमीन आडमुठी.

पण म्हणून काय? जमिनीच्या या आडमुठेपणावरच तर तोड निघाली आहे, आणि ती त्याच्या हातात होती. आरसीसीबी एमसीबीसारखी मोठ्या करंटची वाट पाहत नाही. ती मुनीम आहे. फेजमधून किती गेले आणि न्यूट्रलमधून किती परत आले एवढंच मांडत बसते. ३० मिली अँपिअरचा फरक आला की वही बंद. म्हणजे अर्थिंग १०० ओहमचं असो, पत्र्यावर ३ व्होल्ट चढले की ती पडणार. हजार ओहमचं असलं, म्हणजे जवळपास नसल्यात जमा, तरी ३० व्होल्टला पडणार, आणि कोरड्या हाताला ३० व्होल्ट सहसा जीवघेणे नसतात. डॅलझिएलने १९६१ मध्ये आपलं तसं यंत्र बनवलं ते याच हिशेबावर. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने आरसीसीबीवाचून दिवस काढले तर मी एक वेळ समजून घेईन. पातूरच्या माणसाला ती चैन नाही.

अर्थिंगचा खड्डाही यातून सुटत नाही. पाईप अडीच मीटरचा, उभा आणि शक्यतो मोरीच्या किंवा नळाच्या ओलीजवळ. खड्ड्यात मीठ-कोळसा भरायची आपली जुनी रीत चालते, पण मीठ दरवर्षी पावसात वाहून जातं आणि राहिलेलं पाईप खातं. त्यापेक्षा शेतातली भारी काळी माती दोन पोती आणा. बाजारात बेंटोनाइट नावाने जी पावडर विकतात ती याच मातीच्या गोत्रातली आहे, पाणी धरून फुगणारी. फक्त उन्हाळ्यात तिला आठवड्याला बादलीभर पाणी पाजावं लागतं. नाहीतर ती पाईपापासून अंग चोरून घेते आणि मध्ये बोटभर फट पडते. घरमालकाला हे सांगितलं की तो म्हणतो, अर्थिंग देणं वीज पुरवणाऱ्याचं काम आहे. ग्राहकाच्या जागेत अर्थचं टर्मिनल द्यावं असा नियम १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतही होता, ३३वा. पण टर्मिनलच्या पुढची, तुमच्या कूलरपर्यंत जाणारी हिरवी तार तुमचीच. ती कापून गाठ मारायला कोणी सांगितलं नव्हतं.

आता ती 'उगाच पडते' ही तक्रार. या तक्रारीपायी किती आरसीसीबी अडगळीत गेल्या असतील कोण जाणे. पोराचं निदान होतं की उन्हाने पडते. मी त्याला विचारलं, किती वाजता पडते? त्याला माहीत नव्हतं. सौ.ला माहीत होतं. तिन्ही वेळा दिवेलागणीला. तिने देवघरातला दिवा लावला की खट्. आम्ही देवघरातला बोर्ड उघडला. आत इन्व्हर्टरच्या लाईनचा फेज होता, आणि न्यूट्रल मात्र शेजारच्या फ्रिजच्या बोर्डातून उसना घेतलेला. लाईन ओढताना एक तार कमी पडली असेल, किंवा पाईपात जागा नसेल. करंट मुनीमाच्या समोरून गेला आणि मागच्या दाराने परत आला. १० वॉटचा दिवा म्हणजे ४० मिली अँपिअरच्या वर. मुनीम ३०ला वही बंद करतो. त्याने चोख काम केलं आणि आपण त्यालाच नोकरीवरून काढलं.

इन्व्हर्टरच्या घरांत आरसीसीबी पडते त्याचं कारण पुष्कळदा हेच निघतं. भारनियमनाच्या काळात, २००५ ते २०१२च्या दरम्यान, आठ-आठ, दहा-दहा तास लाईट नसायची तेव्हा घाईघाईने इन्व्हर्टर बसले. जुन्या घरात फक्त फेजची एक नवी तार ओढली, न्यूट्रल जो जवळ सापडला तो. तेव्हा आरसीसीबी कोणाकडे नव्हती, म्हणून हा उसनवारीचा व्यवहार उघडा पडला नाही. इन्व्हर्टरच्या लाईनला तिचा स्वतःचा न्यूट्रल मेनपासून वेगळा द्या, तिच्यावर वेगळी आरसीसीबी लावा, आणि मग ती पडली तर खुशाल समजा की कुठेतरी पंप ओला झाला आहे.

बॅटरीच्या बाजूचं थोडक्यात. तिथे शॉक नाही, आग आहे. १५० एएचच्या बॅटरीची टोकं शॉर्ट झाली तर क्षणभर हजार अँपिअरच्या पुढे करंट निघतो. नट आवळताना पान्याचं दुसरं टोक चुकून दुसऱ्या टर्मिनलला लागलं आणि पाना तिथेच चिकटला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बोटात अंगठी असती तर? बॅटरीच्या तारेत, टर्मिनलच्या शक्य तितक्या जवळ, योग्य आकड्याचा फ्यूज असावा. तो विकणाऱ्याच्या बिलात क्वचितच असतो. आणि छतावर सोलर बसवलं असेल तर तिकडच्या डीसी तारांवर साधी एसीची एमसीबी लावून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. आठ-दहा पॅनेलच्या माळेत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, ती ठिणगी एमसीबीच्या पोटात जळत राहते. १२ व्होल्टवर खपून गेलं म्हणून तिथे खपणार नाही. २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली तेव्हापासून छतांवर पॅनेलं वाढताहेत, आणि त्यासाठी अंगणात रीतसर अर्थिंगचे तीन-तीन खड्डे होतात. एका घरी मी ते खड्डे पाहून खूश झालो, पाणी प्यायला आत गेलो, तर खिडकीत कूलर. टू-पिन.

पोराने देवघराचा न्यूट्रल बदलला, दीड तास लागला. आरसीसीबी परत बसवली, तिचं टेस्टचं बटण दाबलं, ती पडली, पुन्हा उचलली. मग सौ.ने दिवा लावला. आम्ही तिघंही बोर्डाकडे पाहत उभे. पडली नाही.

चहा घेताना तो जरा गप्प होता. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, औंदा किती घरची काढली ते आठवून राह्यलो. अकरा झाली. मी म्हटलं, ठीक आहे, उद्यापासून एकेक करून लावून ये, आणि कोणी पैसे विचारले तर माझं नाव सांग. तो उठला, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"बारा, सर. सासऱ्याची राहूनच गेली होती."